पुढाऱ्याचा निःस्वार्थीपणा मोजायचा कशावर? (कोकणापुरतं बोलू)

पाखाडी:
सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात सरपंचाला महिना तीनऐवजी सहा हजार, दोन ते आठ हजार वस्तीत चारऐवजी आठ, त्यावर पाचऐवजी दहा. तेव्हापासून आमच्या राजापूर तालुक्यात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "पूर्वीची माणसं पदरमोड करून गावाचं करायची, आता सगळे पगारी झाले." शिमग्याच्या बैठकीत हे ऐकलं, गणपतीत मुंबईकर आले तेव्हाही ऐकलं, आणि दर वेळी बाकीचे माना डोलावतात.

मला हे मुळीच पटत नाही. पगार न घेणं हीच कसोटी धरली तर आपल्याकडचा खोत मोठा त्यागी ठरेल. सारावसुली करून सरकारात भरणा करायचा, पण त्याला सरकारी पगार नव्हता. त्याचं सगळं कुळांकडून यायचं. भाताचा वाटा त्याच्या खळ्यात पडायचा, आणि लावणीच्या दिवसांत कुळाची माणसं स्वतःचं शेत तसंच ठेवून त्याच्याकडे वेठीला जायची. म्हणजे बिनपगारी काम आणि निःस्वार्थी काम यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. सत्ता हातात असताना, घेणं सहज शक्य असताना माणसाने काय घेतलं नाही, काय सोडलं, ते बघावं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या साधेपणाचं कौतुक मी करतो, पण त्यावरून तो सत्तेत गेल्यावर कसा वागेल ते कळत नाही.

चिंतामणराव देशमुख घ्या. महाडजवळच्या नाते गावी जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून लोकसभेवर, आणि केंद्रात अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवायचं घाटलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. रस्त्यावरच्या माणसाने घोषणा देणं वेगळं आणि देशाचं अर्थखातं हातात असलेल्याने ते खाली ठेवणं वेगळं.

दुसरे मधू दंडवते. मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पण १९७१ पासून सलग पाच वेळा आमच्या राजापूर मतदारसंघाने निवडून दिलेले. १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. रेल्वेमंत्र्याला नाव मिळवायचे मार्ग पुष्कळ असतात. त्यांनी काय केलं, तर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला. ज्यांनी त्या फळ्यांवर रात्र काढली आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांच्याच काळात परत घेतलं गेलं. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पूर्ण मार्गाचं लोकार्पण २६ जानेवारी १९९८ रोजी झालं, तोवर त्यांची खासदारकी जाऊन सात वर्षं होत आली होती. फळ आपल्याच कारकिर्दीत दिसलं पाहिजे या हट्टापायी आपल्याकडे किती कामं घाईत उरकतात आणि बिघडतात ते आपण बघतो.

आणि त्यांच्याआधीचे बॅ. नाथ पै. वेंगुर्ल्याचे. १९५७, १९६२, १९६७ असे तीनदा लोकसभेत गेले ते विरोधी बाकांवरच. हृदय साथ देत नसताना १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि त्यानंतर काही तासांत गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस.

ही मोठी माणसं झाली. मला ऐकायचंय ते खालच्या पातळीवरचं. ग्रामपंचायत, सोसायटी, मच्छीमार संस्था, देवस्थान, वाडीचं मंडळ, कुठलंही चालेल. पदावर असताना कुणी काय सोडलेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय? माणसाचं नाव नको, गावाचंही नको.

व्हाळापलीकडचो:
पाखाडीनू, लिवलास तां बरा आसा. पण आमची वाडी व्हाळाच्या पलीकडे. मिरगात पाणी चढला की पोरांची शाळा बंद. कोण आजारी पडलो तर डोलीतसून न्हेवचो लागता. माका निःस्वार्थी माणूस नको, साकव होयो. कोण बांधता आणि त्यात त्याका काय गावता, तां मी इचारूचंय नाय.

पाखाडी:
तुमचा साकव, म्हणजे व्हाळावरचा (ओढ्यावरचा) छोटा पूल, सगळ्यांच्या आधी, त्यात वाद नाही. पण 'त्याका काय गावता' ते साकवातूनच काढलेलं असतं ना. सळी कमी, सिमेंट कमी, पाया खडकापर्यंत न नेता वरच्या मातीत. दुसऱ्या पावसात तो गेला की पुन्हा नवा प्रस्ताव, नवं अंदाजपत्रक आणि पुन्हा तोच ठेकेदार. तुम्ही विचारलंच पाहिजे, आणि सर्वांत आधी तुम्हीच, कारण डोली तुमच्या खांद्यावर आहे.

सावित्रीकाठ:
महाडचा आहे म्हणून महाडचं सांगतो. पाखाडी यांची कसोटी मला अपुरी वाटते. 'काय सोडलं' याच्या जोडीने 'कुणासाठी केलं' हेही बघायला हवं.

चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, २० मार्च १९२७. त्याच्या आधीचं कमी सांगितलं जातं. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, शाळा, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जायची कुणाची हिंमत होईल असं वातावरण नव्हतं. सत्याग्रहाच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, सुरबानाना. ते बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी नगरपालिकेला मत द्यायचा हक्क सगळ्यांना नव्हता, मालमत्ता आणि कर यांवर तो ठरायचा. ज्यांना तळ्यावर पाणी प्यायचं होतं त्यांची मतं जवळपास नव्हतीच. ज्यांची होती त्यांतल्या पुष्कळांना हे नको होतं. म्हणजे या कामातून सुरबानानांना पुढची निवडणूक सोपी जाणार नव्हती, उलट अवघड जाणार होती. पुढे नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला, सनातन्यांनी दावा लावला, आणि हायकोर्टाचा निकाल तळं खुलं असल्याच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

आज आपल्या आमदार-खासदारांचा निधी कुठे जातो ते बघा. सभामंडप, हायमास्ट, कमान. जिथे मतांचा गठ्ठा तिथे काम. ज्या धनगरवाड्यावर दहा-बारा घरं आहेत आणि अर्धी माणसं कामासाठी बाहेर, तिथे रस्ता नेणारा पुढारी मी निःस्वार्थी म्हणेन, मग त्याने मानधन घेतलं असो वा नसो.

पाखाडी:
सावित्रीकाठ, हे मान्य. मत न देऊ शकणाऱ्यासाठी काय केलं, ही कसोटी माझ्या कसोटीपेक्षा कडक आहे.

गुहागरची ताई:
मी पाच वर्षं सरपंच होते, महिला राखीव जागेवर. म्हणून मानधनाबद्दल आधी बोलते.

पंचायत समितीच्या बैठकीला तालुक्याला जायचं म्हणजे एसटी, आणि परतीची गाडी चुकली तर रिक्षा. दाखल्यांसाठी माणसं सकाळी सातला दारात. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरचं काम बाजूला. आंब्याच्या हंगामात मी बागेत पेट्या भरायला जाऊन जी मजुरी मिळवायचे ती त्या काळात बुडाली. हे पैसे कुठून आणायचे? घरात पेन्शन असेल, मुलगा मुंबईहून पाठवत असेल, तर जमतं. नसेल तर ठेकेदार असतोच. तो पेट्रोल टाकून देतो, पोराच्या फीचं बघतो, आणि मग एक दिवस बिल घेऊन येतो. 'फुकट करा' म्हणणारे लोक नकळत गरिबाला आणि बाईला पदाबाहेर ठेवतात, नाहीतर ठेकेदाराच्या दारात उभं करतात.

बाईकडून तर निःस्वार्थीपणाची अपेक्षा जास्तच. सेवा तिने करायची, खुर्चीत नवऱ्याने बसायचं. माझ्या घरचे समजूतदार निघाले. शेजारच्या गावात सरपंचबाईंच्या सह्या घरी चुलीपुढे व्हायच्या आणि बैठक त्यांचे यजमान घ्यायचे. पन्नास टक्के आरक्षण आलं ते यासाठी नाही.

आता तुम्ही विचारलेलं. आमच्या गावची टाकी टेकाडावर. तिथून लाइन उतरते ती आमच्या वाडीतून, आणि मग पलीकडच्या चढावर बौद्धवाडी. आमच्या उतारावरच्या घरांत नळ धो धो वाहायचे, वर काही जणांनी लाइनला मोटरी जोडलेल्या, आणि चढावर हवेचा आवाज नुसता. बाया विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. योजनेची दुरुस्ती निघाली तेव्हा मी हट्ट धरला की प्रत्येक वाडीला वेगळी चावी बसवा, आणि पाणी सोडताना पहिली चावी चढावरची, आमची सगळ्यांत शेवटी. मोटरी काढायला लावल्या, त्यातली पहिली माझ्या चुलत दिरांची. पाणी सोडणारा पहिले काही दिवस पहाटे ओट्याशी येऊन विचारायचा, "वहिनी, आधी आपली सोडू काय?" त्याला वाटायचं मी वरवर बोलतेय. आमच्या भावकीने त्या वर्षी आमच्याकडच्या गणपतीच्या आरतीला यायचं टाळलं. सासूबाईंना ते फार लागलं, पण मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मी मानधन घेत होते, पूर्ण घेत होते. त्याची मला लाज वाटली नाही.

अलिबागकर:
ताई, तुम्हाला नमस्कार. चावीचा क्रम लावणं ही अर्थसंकल्पाइतकीच मोठी गोष्ट आहे.

खोतीचा विषय निघालाच आहे तर चरीचा संप सांगायला हवा. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. १९३९ पर्यंत शेतं पडून राहिली. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं, पण खोती कायद्याने जायला स्वातंत्र्यानंतरचं १९४९ साल यावं लागलं.

नारायण नागूंचं मोठेपण आहेच. पण माझ्या मनात येतात ती घरं, ज्यांनी समोर तयार शेत असताना पेरलं नाही आणि रानातून लाकूडफाटा आणून, विकून दिवस काढले. धाग्यात सगळं पुढाऱ्याभोवती फिरतंय. मागे उभं राहणाऱ्यांनी सोडलं नसतं तर पुढाऱ्याने सोडलेल्याचं काय झालं असतं?

कोर्टबाजू, रत्नागिरी:
वकिली करतो म्हणून थोडं रूक्ष लिहितो. निःस्वार्थीपणा मनात असतो, तो मोजता येत नाही. हितसंबंध कागदावर असतो, तो दाखवता येतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सरळ लिहिलंय की पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा आहे तो सदस्य राहू शकत नाही. गैरवर्तन केलं तर कलम ३९ खाली पदावरून काढता येतं. ही हत्यारं लोक वापरतात ती बहुतेक वेळा विरोधी गटाला खाली खेचायला. गावाचा पैसा वाचवायला फार कमी.

मला दुसरी भीती वाटते. एखादा माणूस निःस्वार्थी आहे असं एकदा गावाने ठरवलं की त्याला हिशेब विचारणं पाप होतं. "त्याच्यावर संशय घेतोस?" मी अशा एका संस्थेचं प्रकरण पाहिलंय जिथे अध्यक्ष खरोखरच सज्जन होते, एक पैसा घेतला नाही, पण त्यांच्या सज्जनपणाच्या आडोशाने खालच्यांनी संस्था पोखरली. कुणी वही उघडायलाच तयार नव्हतं.

ग्रामसभेचं बघा. वर्षाला किमान चार सभा. गणपूर्ती पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस जणांत सगळे विषय मंजूर. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाच्या हातात जे दिलं ते आपण या तहकूब सभेत रोज गमावतो. साधू सरपंच शोधण्यापेक्षा सभेला शंभर माणसं बसवा.

गडनदी:
कोर्टबाजू, शंभर माणसं बसवायलाही आधी एक जण घरोघर फिरणारा लागतो. कायद्याने तो तयार होत नाही.

मी कणकवलीचा. आप्पासाहेब पटवर्धनांचं गोपुरी आमच्या इथलं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचं काम मागितलं. जातीने ब्राह्मण, म्हणून सरकारने नाकारलं. त्यासाठी त्यांनी अन्न सोडलं, आणि तिकडे येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्याबरोबर उपोषण सुरू केलं. गोपुरीत आप्पांनी मेलेली जनावरं सोडवण्याचं, कातडी कमावण्याचं काम स्वतः केलं, मैल्याचं खत होईल असे संडास बनवले. त्यांना 'कोकण गांधी' म्हणतात ते कुठल्या पदामुळे नाही. मैला उचलणारा माणूस 'हे काम तुमचं' असं दुसऱ्याला सांगू शकत नाही, एवढं साधं ते होतं. पदावर बसलेल्यांनी यातलं थोडं जरी घेतलं, म्हणजे गावात जे काम कुणालाच नको असतं त्याला पहिला हात लावला, तरी सभेला माणसं येतील असं मला वाटतं.

बाजारपूल:
चिपळूणमधून. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला कुठून कुठून पोरं आली, फावडी घेऊन. नावं सांगितली नाहीत, जेवणसुद्धा आपलं आपण आणलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धान्याच्या पिशव्या यायला लागल्या, आणि पिशवीवर एका पुढाऱ्याचा फोटो. देताना आम्हाला पिशवी छातीशी धरून उभं करून आमचाही फोटो काढला. धान्य घेतलं, कारण घरात कोरडं काही नव्हतं. पण माझ्या वडिलांनी, ज्यांनी त्या बाजारात चाळीस वर्षं दुकान चालवलं, त्यांनी फोटोत मान खाली घातली. गरजेच्या वेळी माणसाची मान खाली जाईल असं काही करू नये, हे पुढाऱ्याला कुणी शिकवायचं?

नवमतदार_लांजा:
मला एक खरंच कळत नाही. दंडवते एवढे मोठे होते तर १९९१ ला राजापूरने त्यांना पाडलं कसं? लोकांना निःस्वार्थी माणूस नकोच असतो असा अर्थ घ्यायचा का?

पाखाडी:
नवमतदार, तसा अर्थ मी घेत नाही. त्याच लोकांनी त्यांना वीस वर्षं निवडून दिलं होतं, आणि हरवण्याचा हक्कही त्यांचाच. मत देताना माणसाच्या मनात एकच गोष्ट नसते. पक्ष असतो, लाट असते, आता हवं ते काम असतं. वरचा साकवाचा प्रतिसाद बघ, तोही खराच आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हरल्यावर त्यांनी मतदारांना कृतघ्न म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. सार्वजनिक कामात राहिले, नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद सांभाळलं, आणि २००५ मध्ये गेले तेव्हा देह जे. जे. रुग्णालयाला दिलेला होता. निवडणूक हा निःस्वार्थीपणाचा पगार नव्हे. तो मिळाला नाही म्हणून काम वाया गेलं असंही नाही, राजापूर रोडला गाडी थांबतेच आहे.

कोर्टबाजू, तुमचं तहकूब सभेचं लागलं. आमच्याकडे हेच चालतं. पुढच्या सभेत वाडीच्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, कामाचा हिशेब मागायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. चिरा निकृष्ट वापरलाय, एका पावसात पायऱ्या सुटल्या. सरपंच माणूस चांगला आहे, म्हणून सगळे कचरतात. कसं विचारावं?

गुहागरची ताई:
चांगला आहे म्हणूनच विचारा, तुम्ही विचारलंत तर त्यालाही ठेकेदाराला 'नाही' म्हणायला बळ येईल. मला माझ्या वेळी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, एकटीने नाही म्हणणं फार जड जातं.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती निघायच्या आधीच लेखी अर्ज देऊन विषय विषयपत्रिकेत घ्यायला लावा, पोच घ्या. 'ऐनवेळचे विषय' यावर सोडू नका, तिथवर येईपर्यंत अर्धी माणसं घरी गेलेली असतात. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका दोन्ही मागा, नुसतं बिल नको. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आणि बायकांना घेऊन जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा असते, तिथेच हा विषय आधी मांडा. त्या पायऱ्यांवरून पाण्याचा हंडा घेऊन त्याच जातात, कुठली पायरी हलते ते त्यांना विचारा.

पाखाडी:
ताई, अर्ज उद्याच लिहितो. आईला आणि काकूंना महिला सभेचं सांगतो. पोच मिळाली की इथे कळवतो.

व्हाळापलीकडचो:
ताईनू, ती मोजमाप पुस्तिका आमच्या जुन्या साकवाची पण मागूक गावात काय? तो व्हावान गेल्यार तीन पावस झाले.

कोर्टबाजू, रत्नागिरी:
मिळेल. काम वाहून गेलं तरी कागद राहतो. काम ग्रामपंचायतीचं होतं की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं ते आधी बघा, त्या कार्यालयात अर्ज करा. मसुदा हवा तर व्यक्तिगत निरोप पाठवा, लिहून देतो.